तीन किलोमीटरचा समुद्र आणि दीडशे वर्षं न झालेला पूल

अटल सेतू 21.8 किलोमीटर लांब आहे आणि त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातात. त्याचं काम 2018 मध्ये सुरू झालं आणि जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे गाड्या धावू लागल्या. आता इटलीचा नकाशा उघडा. बुटाच्या टोकासमोर सिसिली बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी, सर्वांत अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्याशा पाण्यावर पूल बांधायचा विषय इटलीच्या सरकारी टेबलावर 1866 पासून आहे. तेव्हाचे मंत्री स्तेफानो याचिनी यांनी अल्फ्रेदो कोत्राउ या इंजिनिअरला अभ्यास करायला सांगितलं होतं. तिथे आजही एक खांब उभा नाही.

‘भ्रष्टाचार, दुसरं काय’ असं म्हणून मोकळं होता येतं. इटलीतही लोक तेच म्हणतात. पण त्याने फारसं काही उलगडत नाही. उलगडतं ते 3,300 या आकड्याने. पूल झालाच, तर त्याच्या मधल्या गाळ्याची लांबी 3,300 मीटर असेल. गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अधांतरी अंतर. अटल सेतूचा सर्वांत मोठा गाळा 180 मीटरचा आहे.

पूल किती लांब आहे याने इंजिनिअरला फारसा घाम फुटत नाही. मुंबईच्या खाडीत पाणी उथळ आहे, चिखलाखाली खडक लागतो. खांब रोवायचा, पुढे सरकायचं, पुढचा खांब रोवायचा. काम मोठं आणि खर्चिक असलं तरी एकच कृती शेकडो वेळा करायची असते. घोडं अडतं ते मध्ये पाय टेकायला जागाच नसली की.

मेसिनात ती नाही. या सामुद्रधुनीचा सर्वांत उथळ भागसुद्धा सत्तर-ऐंशी मीटर खोल आहे आणि पुलासाठी ठरलेल्या जागी खोली शंभर मीटरच्या पुढे जाते. उत्तरेला तिऱ्हेनियन समुद्र, दक्षिणेला आयोनियन, आणि दोघांच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक उलटं. एकीकडे पाणी चढतं तेव्हा दुसरीकडे उतरतं. त्यामुळे साधारण दर सहा तासांनी प्रवाह दिशा बदलतो आणि या चिंचोळ्या तोंडातून पाणी भोवरे घेत सुसाट निघतं. ग्रीकांनी इथे स्किला आणि कॅरिब्डिस या दोन राक्षसिणी उगीच बसवल्या नव्हत्या. स्किला नावाचं गाव आजही मुख्य भूमीवरच्या कालाब्रिया प्रांताच्या किनाऱ्यावर आहे. शिवाय सुवेझकडून येणारी अवजड कंटेनर जहाजं याच वाटेने उत्तरेच्या जोया ताउरो बंदरात जातात. अशा जागी समुद्राच्या मधोमध खांब उभा करायचा तर पाया, प्रवाह आणि जहाजांची टक्कर हे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर येतात.

मग बोगदा का नको? हा प्रश्न 1870 मध्येच आला होता. कार्लो नावोने यांनी तेव्हा बोगद्याचा आराखडा मांडला होता. अडचण अशी की तळ खोल असल्यामुळे बोगदा त्याहूनही खाली न्यावा लागतो. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर आधीपासून जमिनीखाली उतरत जायचं, आणि तेही भूकंपाच्या जिवंत भेगा जिथे जमिनीत आहेत तिथून. इंग्लिश खाडीखालचा बोगदा झाला तो तिथल्या एकसंध, मऊ खडूच्या थरामुळे. मेसिनात तसं नशीब नाही. तिसरी एक कल्पनाही होती: पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही मीटरवर तरंगती नळी ठेवायची आणि तळाला तारांनी बांधून टाकायची. आर्किमिडीजच्या उत्प्लावनाच्या नियमावर ती तरंगणार, म्हणून तिला आर्किमिडीजचा पूल म्हणतात. आर्किमिडीज स्वतः सिसिलीचा, सिराक्यूजचा. त्यामुळे नावाला वजन आहे. वाहतुकीची अशी नळी मात्र जगात अजून कुठेच झालेली नाही.

उरतो झुलता पूल. दोन किनाऱ्यांवर दोन उंच मनोरे, त्यांवरून ओढलेल्या केबल, आणि केबलींना टांगलेला डेक, म्हणजे गाड्या ज्यावरून जातात तो भाग.

याचं गणित समजायला कपडे वाळत घालायची दोरी पुरे. दोरी जितकी ताठ ओढाल तितका दोन्ही टोकांच्या खिळ्यांवर ताण वाढतो. ती थोडी झोळ खाऊ दिली की ताण कमी होतो, पण मग कपडे जमिनीला लागू नयेत म्हणून खिळे वर ठोकावे लागतात. मेसिनाच्या आराखड्यात केबलींचा झोळ सुमारे 300 मीटर आहे. खालून जहाजं जायची म्हणून डेक पाण्यापासून किमान 65 मीटर वर हवा. या दोन्हींची बेरीज करून थोडी वर जागा सोडली की मनोऱ्याची उंची येते: 399 मीटर. आयफेल टॉवरहून उंच, आणि असे दोन.

इथवर ठीक. खरी कसोटी केबलीच्या स्वतःच्या वजनाची. गाळा लांबला की केबल लांबते, वजन वाढतं, ते पेलायला ती जाड करावी लागते, आणि जाड केली की वजन आणखी वाढतं. मेसिनाच्या आराखड्यात चार मुख्य केबल आहेत, दोन-दोनच्या जोड्यांनी. प्रत्येकीचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास. प्रत्येकीत साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या 44,323 तारा: 127 तारांचा एक जुडगा, असे 349 जुडगे. चारही केबलींचं मिळून वजन त्यांना टांगलेल्या डेकच्या दुपटीहून जास्त भरतं. म्हणजे या पुलाची बहुतेक ताकद स्वतःलाच उचलून धरण्यात जाणार. गाड्या आणि ट्रेन हे त्यावरचं किरकोळ ओझं. लांब गाळे प्रमाणाबाहेर महाग होतात ते यामुळे. अंतर दुप्पट झालं म्हणून पोलाद दुप्पट लागतं असं नाही, ते कितीतरी जास्त लागतं.

जगाचा विक्रम पाहिला की 3,300 चा अर्थ कळतो. जपानच्या आकाशी काइक्यो पुलाचा गाळा 1,991 मीटर, 1998 चा. तुर्कस्तानच्या चानाक्काले पुलाचा 2,023 मीटर, 2022 चा. चोवीस वर्षांत विक्रम 32 मीटरनी पुढे सरकला. मेसिनाला एका दमात 1,277 मीटर पुढे उडी मारायची आहे. त्यात मेसिनाच्या पुलावर रेल्वेही आहे, जी वर सांगितलेल्या दोन्ही पुलांवर नाही. हाँगकाँगच्या चिंग मा पुलावर ट्रेन धावते. त्याचा गाळा 1,377 मीटर. रेल्वे नखरेल असते. मोटार थोडा झोका, थोडा चढ सहन करते. रूळ तसं करू देत नाहीत.

भूकंपाचं काय, हा पहिला प्रश्न बहुतेक सगळे विचारतात, आणि बरोबरच आहे. 28 डिसेंबर 1908 ला पहाटे 5:20 वाजता इथे 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली. मेसिना आणि समोरचं रेज्जो कालाब्रिया ही दोन शहरं जवळपास पुसली गेली. 75 हजारांहून जास्त माणसं मेली. युरोपच्या नोंदींतल्या सर्वांत जीवघेण्या भूकंपांपैकी हा एक.

तरीही प्रचंड झुलत्या पुलाला भूकंपाची भीती आपल्याला वाटते त्याहून कमी असते. जमीन हादरते ती सेकंदाला काही वेळा, किंवा फार तर काही सेकंदांनी एकदा. एवढा लांब पूल इतका सैल असतो की त्याचा एक पूर्ण आडवा झोका अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातो. जमीन थरथरते आणि पूल तिच्या तालावर नाचत नाही. चार-पाच मजली इमारत मात्र नाचते. म्हणजे 1908 सारखा भूकंप पुन्हा आला तर पूल उभा राहील आणि त्याच्या दोन्ही टोकांची गावं कोसळतील, असं होऊ शकतं. विरोधकांचा हा मुद्दा मला सगळ्यांत झोंबणारा वाटतो: आधी शाळा आणि इस्पितळं भूकंपाला टिकतील अशी करा, मग पुलाचं बघू.

मनोऱ्यांच्या पायाखालीच भेग सरकली तर काय, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे, आणि भूगर्भशास्त्रज्ञांमध्ये त्यावर वाद आहे. जपानमध्ये त्याचा नमुना पाहायला मिळाला. आकाशी पुलाचे मनोरे उभे झाले होते, डेक लागायचा होता, तेवढ्यात 1995 चा कोबेचा भूकंप आला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर जवळपास मीटरभर वाढलं. 1,990 मीटरचा ठरलेला गाळा 1,991 चा झाला. डेक टांगलेला नसल्यामुळे आराखडा सुधारून घेता आला.

पुलाचा खरा वैरी वारा. 1940 मध्ये अमेरिकेतला टॅकोमाचा पूल साध्या ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला. तेव्हापासून झुलत्या पुलाचा डेक विमानाच्या पंखासारखा तपासला जातो. मेसिनाच्या आराखड्यातली सगळ्यांत डोकेबाज गोष्ट इथे आहे. सुमारे साठ मीटर रुंदीचा डेक सलग नाही. तीन वेगळ्या पोलादी पेट्या आहेत: दोन बाजूंना रस्ता, मध्ये रेल्वे, आणि पेट्यांच्या मध्ये मोकळ्या फटी. वारा या फटींतून वर-खाली निघून जातो, डेकला उचलायला त्याला पकड मिळत नाही. ही कल्पना इंजिनिअरांच्या जगात ‘मेसिना पद्धतीचा डेक’ म्हणूनच ओळखली जाते. फटी ठेवलेले डेक पुढे चीनमध्ये आणि तुर्कस्तानात प्रत्यक्ष वापरले गेले. न झालेल्या पुलाने झालेल्या पुलांना दिलेली ही देणगी.

तर पूल शक्य आहे का? बहुतेक जाणकारांचं मत ‘शक्य आहे, पण आजवर कोणी केलेला नाही’ असं आहे. एका अर्थाने या पाण्यावरून तारा ओढून झाल्याही आहेत. 1955 मध्ये सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर दोनशे मीटरहून उंच लोखंडी मनोरे उभारून त्यांवरून सिसिलीला वीज नेली. दोन मनोऱ्यांमधलं अंतर 3,646 मीटर होतं. नव्वदच्या दशकात वीज समुद्राखालच्या केबलीतून जाऊ लागली आणि वरच्या तारा काढल्या. मनोरे मात्र ठेवले, आणि त्यातला एक सिसिलीच्या बाजूला तोर्रे फारोच्या टोकावर आजही लाल-पांढऱ्या रंगात दिसतो.

आता हा पूल कोणाला कशासाठी हवा आहे ते बघू. रोमहून पालेर्मोला जाणारी ट्रेन व्हिला सान जोव्हान्नी स्टेशनात येते आणि तिचं इंजिन सुटतं. मग शंटिंग सुरू होतं. गाडीचे तुकडे करून ते एकेक करून जहाजाच्या पोटात ढकलतात, कारण जहाजाच्या पोटात रूळ आहेत. प्रवासी डब्यांतून उतरून जिन्याने वर जातात आणि भाताचे तळलेले गोळे, म्हणजे अरान्चिनी, खातात. मेसिनाला पोहोचल्यावर सगळं उलट क्रमाने. 1899 पासून हे असंच चालू आहे. जहाजाचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत होतो, पण जोडतोड धरून दोन तासांच्या आसपास जातात. पुलावरून हेच अंतर पंधरा-वीस मिनिटांत जाईल असं पुलाची कंपनी सांगते.

सिसिलीची लोकसंख्या 48 लाखांच्या घरात. समर्थक म्हणतात, एवढ्या लोकांना रेल्वेने मुख्य भूमीशी न जोडणं हा अन्याय आहे. विरोधक म्हणतात, पूल ओलांडून ट्रेन जिथे पोहोचेल तिथल्या सिसिलीत बराचसा रेल्वेमार्ग अजून एकेरी आहे, उन्हाळ्यात गावांना नळाला पाणी नसतं, आणि तुम्ही आधी कळस बांधायला निघालात. दोघांचंही खरं आहे. फरक एवढाच की पूल फोटोत दिसतो, दुहेरीकरण दिसत नाही.

पुलाच्या इतिहासात गंमत भरपूर आहे. इसवी सनापूर्वी 250 च्या सुमारास रोमन सेनापती मेटेलसने पालेर्मोला कार्थेजच्या सैन्याचे सुमारे 140 हत्ती पकडले आणि पिंपं एकमेकांना बांधून केलेल्या तराफ्यांवरून ते पलीकडे नेले, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. 1969 मध्ये सरकारने कल्पनांची खुली स्पर्धा घेतली. 143 प्रवेशिका आल्या आणि पहिलं बक्षीस सहा जणांत वाटलं गेलं, ज्यात झुलता पूलही होता आणि तरंगती नळीही. निर्णय टाळायचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

1981 मध्ये पुलासाठी ‘स्त्रेत्तो दी मेसिना’ ही सरकारी कंपनी निघाली. 2005 मध्ये पंतप्रधान सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या काळात निविदा काढून एका कंत्राटदार गटाला काम दिलं, सुमारे 3.9 अब्ज युरोंना. 2006 मध्ये रोमानो प्रोदी आले, काम थांबलं. 2008 मध्ये बेर्लुस्कोनी परतले, काम पुन्हा सुरू. युरोपवर कर्जसंकट आलं, मारियो मोंती यांच्या सरकारने पैसे नाहीत म्हणून हात वर केले आणि 2013 मध्ये कंत्राट संपून कंपनी अवसायनात गेली. कंत्राटदार भरपाईसाठी कोर्टात गेले. एक वीट न रचता वकिलांची फी मात्र चालू राहिली.

2021 मध्ये एका सरकारी तज्ज्ञगटाने वेगळाच सल्ला दिला. बोगदे बाजूला ठेवा, पण एकाच गाळ्याचा हट्टही सोडा. समुद्रात खांब घेऊन तीन गाळ्यांच्या पुलाचा विचार करा. तोवर खोल पाण्यातल्या पायांचं तंत्र पुढे गेलं होतं. गाळा लहान झाला की वर सांगितलेलं पोलादाचं दुष्टचक्र सैल होतं. सल्ला समंजस होता. पण आराखडा बदलला की काम बदलतं, आणि काम बदललं की नवी निविदा, नवा अभ्यास, आणखी काही वर्षं. 2023 मध्ये जॉर्जा मेलोनी यांच्या सरकारात मंत्री मात्तेओ साल्विनी यांनी वटहुकूम काढून जुनी कंपनी, जुना आराखडा आणि जुनं कंत्राट या तिन्हींना पुन्हा जिवंत केलं. नव्या निविदेची पायरी वाचली.

ऑगस्ट 2025 मध्ये सरकारच्या आर्थिक नियोजन समितीने 13.5 अब्ज युरोंच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. रुपयांत साधारण 1 लाख 35 हजार कोटी. अटल सेतूचा खर्च 18 हजार कोटींच्या आतला. पेपरांत ‘अखेर पूल होणार’ असे मथळे आले. 29 ऑक्टोबरला लेखापरीक्षण न्यायालयाने त्या मंजुरीवर शिक्का मारायला नकार दिला.

हे न्यायालय म्हणजे आपला कॅग नव्हे. कॅग बहुधा पैसे खर्च झाल्यावर हिशेब तपासतो, अहवाल येतो, विधानसभेत गदारोळ होतो. इटलीत मोठ्या सरकारी निर्णयांची कायदेशीरता हे न्यायालय आधी तपासतं; त्याची नोंद झाल्याशिवाय निर्णय अमलात येत नाही. नोव्हेंबरात त्याने कारणं दिली. टोलचा आधार असलेल्या आर्थिक आराखड्यावर वाहतूक नियामकाचं मत घेतलेलं नाही, हा त्यातला छोटा मुद्दा. दोन मोठे.

पहिला पर्यावरणाचा. ही सामुद्रधुनी आफ्रिका आणि युरोप यांच्यात ये-जा करणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोठी वाट आहे. दर वसंतात ते हजारोंनी इथून ओलांडतात. युरोपीय कायद्यानुसार अशा संरक्षित जागेचं नुकसान करायचंच असेल तर जनहिताची अपरिहार्य गरज दाखवावी लागते आणि दुसरा पर्याय नाही हे सिद्ध करावं लागतं. सरकारने गरज जाहीर केली होती. न्यायालयाला ती पुरेशी सिद्ध झालेली दिसली नाही.

दुसरा मुद्दा कंत्राटाचा, आणि सगळा गुंता इथे येऊन बसतो. युरोपीय नियम सांगतो की चालू कंत्राटाची किंमत मूळच्या निम्म्याहून जास्त वाढली तर नवी निविदा काढावी लागते, नाहीतर बाकीच्या कंपन्यांवर अन्याय होतो. 2005 चे 3.9 अब्ज आणि 2025 चे 13.5 अब्ज या एकाच मापाच्या रकमा नाहीत. दुसरीत जोडरस्ते, रेल्वे आणि बाकीची कामंही आहेत. पण निम्म्याची मर्यादा ओलांडली की नाही याचा हिशेब नीट मांडलेला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. वेळ वाचवण्यासाठी जुनं कंत्राट उकरून काढलं, आणि नेमकं त्यातच पाऊल अडकलं.

सरकारच्या हातात एक हत्यार आहे. मंत्रिमंडळ राष्ट्रहिताचं कारण देऊन ‘आक्षेपासह नोंद’ करायला न्यायालयाला सांगू शकतं. तसं केलं तर इटलीतली वाट मोकळी होते, पण युरोपीय कायद्याचा भंग झाल्याची तक्रार ब्रसेल्समध्ये जाऊ शकते आणि हरलेली कोणतीही कंपनी किंवा पर्यावरण संघटना दावा लावू शकते. नवी निविदा काढली तर कायद्याची बाजू पक्की होते. पण मग 3,300 मीटरच्या एका गाळ्यालाच चिकटून राहायचं कारण उरत नाही, आणि तीन गाळ्यांचा तो बाजूला ठेवलेला सल्ला पुन्हा टेबलावर येतो. तोर्रे फारो आणि व्हिला सान जोव्हान्नीच्या ज्या शेकडो घरमालकांची घरं मनोऱ्यांच्या आणि रस्त्यांच्या रेषेत येतात, त्यांना तोवर घर दुरुस्त करावं की नाही हेही ठरवता येत नाही.